धुतलेला घोडा

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी. कमलनगर.
ब्रश, रंगाची थाळी, कंपासपेटी पाटावर मांडून पूजा केली. निर्मलानं स्कूटीला विभूती लावली, मिक्सरलाही. म्हणाली, "तुमचे ब्रश वर्षातनं एकदाच धुवायलाव, ते आज." चित्रकलेच्या मास्तराच्या बायकोनं असं बोलू नये, पण खोटंही नाही.
दुपारी खजुरीहून अक्काचा फोन. नुसतीच घुटमळत होती. "सुटी हाय न्हवं तुला? ये की जरा." दाजींची तब्येत विचारली. "ते बरे हायेत. त्यांचं काय न्हाई." मग कुणाचं काय, ते सांगेना.

३ ऑक्टो., शुक्र. खजुरी.
बसवकल्याणला गाडी बदलून पोचायला दुपार झाली. दाजी ओट्यावर बसलेले. "या मास्तर," म्हणाले, आवाजावरूनच. एक डोळा कधीचाच गेलाय. दुसऱ्यात मोतीबिंदू, पुढच्या आठवड्यात कलबुर्गीला ऑपरेशन. इतकी वर्षं टाळलं, आता घाई. कारण दिवाळीच्या पाडव्याचा खेळ.
खेळ म्हणजे ह्यांच्या घराण्याचा काचेचा खेळ. गावात ह्यांना काचवालेच म्हणतात. पत्र्याची पेटी, पुढं भिंग, आत दिवा (पूर्वी रॉकेलचा, आता बल्ब), समोर ओलं धोतर ताणलेलं. दाजींच्या आजोबांनी काचेवर रंगवलेले शरण, म्हणजे लिंगायत संत, एकेक करून धोतरावर उमटतात. सिनेमा ह्या भागात यायच्या आधीपासून चालू आहे, असं दाजी सांगतात. शेवटी घोडा. कल्याण सोडून शरण निघाले, तेव्हा पुढं बातमी घेऊन गेलेला घोडेस्वार. बाकीचे स्थिर, तो एकटाच पळतो, म्हणून लोक त्याच्यासाठी थांबतात.
अक्कानं मला चुलीपाशी नेलं आणि घोड्याची काच हातात दिली. लांब पट्टी, तिच्यावर ओळीनं तोच घोडा, भिंगापुढून ओढली की तो पळायचा.
घोडा आहे. स्वार आहे, शेपटी आहे. पाय नाहीत. एकाही घोड्याला नाहीत.
"मी धुतलं रे बसू."

४ ऑक्टो., शनि.
झालं ते असं. पेटीची पूजा दरवर्षी दाजी स्वतः करतात, दार लोटून. विभूतीचं बोट, धुपाचा धूर, बस्स. यंदा दिसत नाही म्हणून अक्काला म्हणाले, "तूच कर." काच धुवायची नाही हे त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते ते सांगायची गोष्टच नव्हती. अक्कानं विचारलं नाही, कारण खंडेनवमीला हत्यार धुवायचं असतं हे तिला उपजत माहीत. कुऱ्हाड, विळे, मोटारीचे पाने धुतले, पाठोपाठ काचा. वर मेहेरबानी म्हणून शिकेकाईच्या पाण्यात.
बाकीच्या काचा वाचल्या. त्यांच्यावर रोगण आहे. घोड्याच्या अंगावरही आहे, पायांवर नव्हतं. म्हणजे पाय मागाहून कुणीतरी काढलेले असणार. दाजींच्या वडिलांनी असतील, किंवा आणखी कुणी.
अक्का म्हणते, "त्यांचा डोळा उघडायच्या आत तू पाय काढ. तू ड्राइंग मास्तर न्हवं का?"
म्हटलं, "दाजींना सांगून टाक."
"तू सांग."
मी पण नाही सांगितलं. दाजी अंगणात कुणालातरी सांगत होते की यंदा घोडा स्वच्छ दिसणार. बल्ब नवा आणलाय म्हणे.

६ ऑक्टो., सोम. कमलनगर.
पुण्याच्या बाईंना फोन. त्या जुनी हलती चित्रं जमवतात. दिवाळीनंतर ह्या काचांचे फोटो घ्यायला येणार होत्या. आधी आल्या असत्या तर आज पायांचे फोटो तरी असते. हे मी बोललो नाही.
सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग, "हात लावू नका. धुतलेली असली तरी ती त्यांची काच आहे. तुम्ही रंग लावलात की ती तुमची होईल."
बरोबर आहे. पण अक्काला काय सांगू?

८ ऑक्टो., बुध. कलबुर्गी.
ऑपरेशन झालं. अक्का बाहेर बाकावर पदर चावत बसली होती. दाजींना दिसावं असं तिला वाटतही होतं आणि दिसू नये असंही. तोंडानं मात्र "बसवा, बसवा".

९ ऑक्टो., गुरु.
पट्टी काढली. दाजींनी आधी भिंत बघितली, मग माझ्याकडं, मग अक्काकडं बराच वेळ. "म्हातारी झालीस की गं!" अक्का रडायलाच लागली. नर्सला वाटलं आनंदानं.
नंतर मला जवळ बोलावून, "बसू, यंदा घोड्याची पट्टी तू ओढ."
मी म्हटलं तुमचा हात कुठं, माझा कुठं. त्यावर जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. "ओढणाऱ्यानं वर बघायचं न्हाई, घोडा घसरतोय. मान खाली घालून जिंदगी गेली. ल्हानपणी समोर बसलो असंन, पर ध्यानात न्हाई. ध्यानात हाय तो आजाचा हात. औंदा मी लोकात बसून बघणार."
अक्का आणि मी एकमेकांकडं बघितलं नाही. आता माघार नाही.

११ ऑक्टो., शनि. कमलनगर.
पुढच्या वर्षी निवृत्त होईन. एवढ्या नोकरीत पोरांना घोडा शिकवला तो उभाच. आज बसस्टँडमागच्या वरातीच्या घोडेवाल्याकडं गेलो, जरा पळवून दाखव म्हटलं. तो हसला. "सर, ह्यो पळत न्हाई. ह्यो नाचतोय." बँडची शिट्टी वाजवली तर खरंच नाचायला लागला. एक पाय उचलतो, ठेवतो, दुसरा उचलतो. कल्याणहून असा निघाला असता तर बातमी अजून पोचली नसती.

१२ ऑक्टो., रवि.
सुचलं. आठवीच्या पोरांना मी दरवर्षी सांगतो की जुने कार्टूनवाले मागचा देखावा एकदाच काढायचे. हलणारं चित्र वेगळ्या पारदर्शक कागदावर काढून वर ठेवायचे. मग पाय वेगळ्या काचेवर काढायला काय हरकत? जुन्या काचेला ब्रश लागायला नको. वर दुसरी काच, तिच्यावर फक्त पाय.
फोटोफ्रेमवाल्याकडून पातळ काच त्याच मापाची कापून घेतली. काय करायचं विचारलं त्यानं. "घोड्याचे पाय," म्हटलं. पुन्हा काही विचारलं नाही.
जुनी काच अक्कानं कलबुर्गीलाच दिली होती. अक्कानं पेटीत तिच्या जागी रिकामी काच कापडात गुंडाळून ठेवलीय. आम्ही दोघं वाया गेलोय.

१४ ऑक्टो., मंगळ.
परदेशात एकानं कॅमेऱ्यांची रांग लावून पळत्या घोड्याचे फोटो घेतले होते. वर्गात दाखवतो मी ते. त्याच्याआधी चित्रकार घोडा पळवायचे तो पुढचे पाय पुढं, मागचे मागं, पोट जमिनीला समांतर. फोटोत निघालं की तसा घोडा पळतच नाही. चारी पाय अधांतरी असतात ते पोटाखाली गोळा झालेले.
फोटो बघून पाय काढले. काजळी, डिंक, वर रोगणाचा हात. निर्दोष. भिंतीवर टॉर्च आणि हातभिंग रोखून निर्मलापुढं, डाव्या हातानं पट्टी ओढ, तेवढ्यात उजव्या तळव्यानं भिंग झाक, तळवा काढ, असा सराव. सिनेमाच्या यंत्रात हेच काम शटरची पाती करते, आमच्याकडं तळहात.
निर्मला: "घोडा कुठाय? म्हैस चाललीय."
हात जुळायला वेळ लागेल.

१५ ऑक्टो., बुध.
अक्काला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. दाजी झोपलेले बघून न्हाणीघरात जाऊन बघितलं तिनं.
"असा न्हाई रे पळत होता."
"घोडा असाच पळतो, अक्का. फोटो आहेत."
"ते घोडे असतील. आमचा उडायचा. पाय असे लांब," म्हणत तिनं एक हात पुढं केला, एक मागं, आणि फोन बादलीत पडता पडता राहिला.
तिच्या शेजारणीनं गेल्या पाडव्याला मोबाइलवर खेळ घेतलेला. मागवला. सगळी डोकीच आहेत. एका पोराच्या टोपीवरून क्षणभर घोडा दिसतो. अक्काचंच खरं. पुढचे पाय पुढं, मागचे मागं.
म्हणजे जो घोडा चुकीचा म्हणून मी वर्गात दाखवत आलो, तोच काढायचाय.

१७ ऑक्टो., शुक्र.
पुसून पुन्हा काढले. लांब, ताणलेले पाय. व्हिडिओत एकच स्थिती सापडली, मधल्या सगळ्या माझ्या मनाच्या. अक्काला दाखवलं. तिनं मान डोलावली. मला फार बरं वाटलं. आणि लगेच वाईट.

१९ ऑक्टो., रवि.
आज दाजींना फोन करून सांगायचं ठरवलं होतं. फोन केला. "सराव करायलास न्हवं? पट्टी झटकून ओढू नको. भाकरी उलटतोस तशी ओढ." मी भाकरी कधी उलटलेली नाही. तेही सांगितलं नाही, हेही नाही.

२३ ऑक्टो., गुरु. खजुरी.
काल पाडवा. लिहिणं झालं नाही.
दुपारीच पोचलो. दोन्ही काचा कडेला दोऱ्यानं बांधून पेटीच्या चौकटीत बसवल्या. दाजी देवळाकडं गेले होते, ते बरं झालं. संध्याकाळी चौकात धोतर ताणलं, पाणी मारलं. दाजी काळा चष्मा लावून पहिल्या ओळीत बसले. दरवर्षी पेटीमागं असणारा माणूस पुढं बसलाय म्हणून लोक मला हसत होते. "मास्तर, घोडं पाडू नका!"
शरणांच्या काचा झाल्या. मग घोडा. मी मान खाली घातली. ओढ, झाक, काढ. धोतराकडं एकदाही बघितलं नाही. ऐकलं फक्त. आधी पोरांचा आरडाओरडा, मग मोठ्यांचाही. कुणीतरी ओरडलं, "उडाला!" आणखी एकदा दाखव म्हणाले. दाखवला.
दाजी लोकांतून वाट काढत पेटीपाशी आले. चष्मा हातात. माझा दंड घट्ट धरला. "बसू, बघितलं रे मी. असा पळत होता व्हय? आजानं असा पळवला होता?"
"व्हय," म्हणालो मी.
काच मीच गुंडाळणार असं अक्काशी ठरलं होतं. पण दाजींनी सवयीनं हात पुढं केला. "दे, पट्टी मी बांधतो." त्यांच्या कामाला नाही कसं म्हणणार? दिली.
हातात घेतल्याबरोबर ते थांबले. अंगठा कडेवरून फिरवला. "दोन हायेत."
दोरा सोडला. एक काच पेटीच्या उजेडात धरली. नुसते घोडे. दुसरी धरली. नुसते पाय. कितीतरी वेळ धरून होते. मागं लोक चटया गोळा करत होते.
"हे कुणी काढलेत?"
"मी."
"आन् ह्याचे कुठं गेले?"
अक्का पुढं आली. "धुतले मी. नवमीला. तुमी पूजा कर म्हणलाव, धुऊ नको म्हणला न्हाईत." आवाज चढलेला, डोळे वाहत होते. दाजी ओरडले असते तरी बरं झालं असतं. त्यांनी घोड्याची काच कापडात गुंडाळली, पेटीत ठेवली, कडी घातली. पायांची काच माझ्या हातात परत दिली. चष्मा लावला आणि घरी गेले.

२४ ऑक्टो., शुक्र. कमलनगर.
सकाळी निघताना दाजी ओट्यावर होते. चहा घेतला दोघांनी. ऊस, पाऊस, माझी निवृत्ती. काचेचं अक्षर नाही. अक्का आत भांडी घासत होती, नेहमीपेक्षा जोरात.
निघालो तेव्हा म्हणाले, "मागच्या पायाला तू जरा वाक दिलायस. कामून?"
म्हटलं, "माहीत नाही दाजी. हातातून तसं गेलं."
"हं," म्हणाले.
पुण्याच्या बाईंचा फोन येऊन गेला, पुढच्या आठवड्यात येतायत. कुठं येऊ, विचारत होत्या. घोडा खजुरीला आहे, पाय इथं माझ्या कपाटात. पुढच्या पाडव्याला घेऊन ये, असं दाजी म्हणाले नाहीत. आणू नको, असंही म्हणाले नाहीत.