विश्वकर्मा पूजेची गाडी

१७ सप्टेंबर, भोपाळ

आज भगिनी मंडळात आमच्या कारखान्याच्या छोट्या रेल्वेलाइनचा इतिहास सांगितला. गाडी एरवी माल वाहायची, पण विश्वकर्मा पूजेला मालडब्यांत सतरंज्या घालून सगळ्यांना फिरवून आणायची, हेही सांगितलं. सगळ्यांना?

सूनबाई हळूच म्हणाली, "अहो आई, आम्ही सोनागिरी वस्तीतली ठेका मजदूरांची मुलं. कुंपणाबाहेरून हात हलवायचो. ते रूळ माझ्या बाबांच्या टोळीनेच टाकले होते."

मी फटकन म्हणाले, "पास लागायचा. नियम होता तसा."

बायका हसल्या. ती चहा आणायला उठली.

हात हलवायची म्हणे. आमच्यापैकी कुणी परत हलवला असेल का?

घरी येताना रिक्षात ती शेजारीच बसली होती. माफी तिथेच मागायला हवी होती. मी म्हणाले, वाटेत दोडके घेऊ.