पडक्या घरातली झडप

शनि., ८ नोव्हें.

माझ्या नवऱ्याने, इनासने, चोरी केली आहे. मुलीला सांगता येत नाही, शेजारी सांगता येत नाही, आणि पोटात ठेवलं तर झोप येत नाही. म्हणून लिहिते.

क्रमाने. ऑफिसात आयुष्यभर तेच केलं.

इनास रुसैलच्या फर्निचर कारखान्यात फोरमन होता. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. ओमान म्हणजे त्याला हायवे आणि लाकडाचा भुसा, एवढंच माहीत. गेल्या महिन्यात रिटायर झाला. महिनाअखेरीला आम्ही कायमचे वसईला. जाण्याआधी हा देश बघायचा, असं मीच ठरवलं. दर शनिवारी गाडी काढायची. नखलचा किल्ला झाला, आडवाटेची मातीची जुनी गावं झाली. वर डोंगर, मध्ये रिकामी घरं, खाली खजुराची बाग आणि बागेतून वाहणारा पाट. माणसं पलीकडे सिमेंटच्या घरांत राहायला गेलेली. मी बुरूज बघते, इनास दारं बघतो. दार दिसलं की चष्मा कपाळावर, बोट नक्षीवर.

गेल्या शनिवारी रुस्ताकच्या पुढच्या एका गावात मी पाटावर पाय धूत बसले होते. हा एका पडक्या घरात शिरला. खिडकीची एक कोरीव झडप मातीत पडलेली, खालून कुजलेली. ती त्याने चादरीत गुंडाळून डिकीत टाकली. मला कळलं नाही.

काल चर्चमध्ये मिसाला कम्युनियन घ्यायला सगळी रांग उठली, हा बसून. मनावर पाप असलं की ती घेत नाहीत. लग्नापासून असं एकदाही नाही. आजारी आहेस? नाही. मग? घरी आल्यावर कपाटामागून झडप काढून दाखवली.

दुरुस्त केलेली! खालची कुजकी पट्टी कापून सागवानाची नवी बसवली. जोड शोधावा लागतो, इतका बेमालूम.

"वाळवीने खाल्ली असती गं, सेलिन."

"झडप तुझी कोण लागते?"

चष्मा पुसत बसला.

राग आहे, पण त्याच्या डोक्यात काय आलं ते मला कळतं, हा जास्त राग. आमच्या वसईच्या किल्ल्यात तटाच्या आत चर्चेस पडून आहेत. लहानपणी सगळं गाव तिथे हिंडायचं आणि हाताला लागेल ते घरी न्यायचं. इनासच्या आईचा धुण्याचा दगड म्हणजे तिथल्या कमानीचा तुकडा, त्यावर अर्धं फूल. पडलेलं म्हणजे उचलणाऱ्याचं, हे ह्या माणसांच्या हाडात आहे. पण मी पाय धुतले तो पाट स्वच्छ होता. पानं काढलेली, कडेला ताजा गाळ उपसलेला. पाट कुणी साफ करतं म्हणजे गाव कुणाचं तरी आहे. हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. माझ्याही.

रवि., ९ नोव्हें.

इनासचं (पुढे नुसतं इ.) म्हणणं, पहाटे जाऊन होती तिथे ठेवून येऊ. "कुणी बघितलं नाही तेव्हा आणली, कुणी बघणार नाही तेव्हा ठेवू."

म्हटलं, ही दुसरी चोरी. शिवाय कुणी बघितलंच तर? जुन्या वस्तू हलवण्याबद्दल इथला कायदा कडक आहे. पकडलं तर विमान राहिलं बाजूला.

रुस्ताकच्या इब्राहिमभाईंना फोन केला. मूळ रत्नागिरीचे. बाजारात कड्याकोयंड्यांचं दुकान, कारखान्याचं जुनं गिऱ्हाईक. अरबी घरच्यासारखी बोलतात. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग, "वहिनी, ह्या मानसाक सांगा, हिथं पडका घर म्हंजे बेवारस नाय. छप्पर पडला तरी वारस हायत. एकेका घराला पंधरा-वीस."

"मग काय करायचं?"

"शोधतो. तवर झडपंला हात लावू नको म्हणावा. अजून पॉलिश मारील."

पॉलिश आधीच मारून झालं होतं. सांगितलं नाही.

मंगळ., ११ नोव्हें.

इब्राहिमभाईंचा फोन. मालक सापडला. नासिर म्हणून आहे, सरकारी नोकरीत, आई त्याच्याकडे. शनिवारी दुपारी गावातल्या नव्या घरी बोलावलंय.

पण वाईट बातमीही आहे. त्या गावातून वर्षभरात दोन मोठी दारं गेली आहेत. नासिर तक्रार करायच्या बेतात होता. आता आपण होऊन एक माणूस झडप घेऊन येतोय म्हटल्यावर तो काय समजेल?

"म्हणजे दारंही ह्यानेच नेली असं?" मीच विचारलं.

"मी तसा बोललो नाय, वहिनी. तो बोलला."

इ.ला सांगितलं. जेवला नाही. मी जेवले. दोघांनी उपाशी राहून काय होणार.

बुध., १२ नोव्हें.

प्रीती संध्याकाळी आली होती, रियाला घेऊन. "आई, बाबांना काय झालंय?" पॅकिंगचा ताण आहे म्हटलं. रिया आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. तिचं मराठी म्हणजे इंग्रजीच्या मध्ये दोन शब्द. "आजोबा, तू... तुम्ही सॅड आहे?" इ. म्हणाला, "नाही गं, थोडा मूर्ख आहे." ती खूश. तेवढ्याने मलाही जरा हलकं वाटलं.

इब्राहिमभाईंच्या सूचना फोनवर: भेटवस्तू आणायची नाही, किंमत देतोय असं दिसेल. कॉफी होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही. आणि वहिनी, तुम्ही कमी बोला.

शेवटची सूचना मनाला लागली. पण लिहून ठेवली.

शुक्र., १४ नोव्हें.

मिसाआधी इ. फादरांकडे कन्फेशनला, पाप सांगायला गेला. पाच मिनिटांत परत. फादर म्हणाले, आधी वस्तू परत कर, मग माझ्याकडे ये. मला वाटलंच होतं. चांगले फादर आहेत.

शनि., १५ नोव्हें. (रात्री लिहिते.)

लवकर निघालो. नासिरला दुपारच्या नमाजानंतर वेळ, म्हणून इब्राहिमभाई म्हणाले, तोवर किल्ल्यात बसा, दुकानात बसलात तर हा माणूस माझं गिऱ्हाईक घाबरवील. झडप गाडीत, आम्ही रुस्ताकच्या किल्ल्यात. जाड भिंती, आत एकदम गार. दरवाजाच्या वर छतात भोक ठेवलंय. शत्रू आला की तिथून खजुराचा उकळता पाक ओतायचे. एरवी ह्यावर इ. तासभर बोलला असता. आज वर बघून म्हणाला, "बरोबरच आहे." आतच नमाजाची जागा. आमच्या किल्ल्यात चर्चेस तशी. इ. म्हणाला, "तटबंदी देवाला लागते की माणसाला?" म्हटलं, पायऱ्या उंच आहेत, खाली बघ.

मग इब्राहिमभाईंना घेऊन गावात. नासिर पन्नाशीचा, पांढरा स्वच्छ पायघोळ डिशडाशा, चेहरा बंद. आई सत्तरीपुढची, काळ्या ओढणीत, हात मेंदीने लालसर. नासिरला हिंदी येतं. "बैठो. पहले कहवा."

बैठक जमिनीवर. इ.च्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली झडप, सगळ्यांना दिसते आहे, आणि सगळे हवेबद्दल बोलतायत. खजूर, मग कॉफी. पेला इवलासा, रिकामा झाला की नासिर भरतो. इ. पितो. परत भरतो. इ. परत पितो. पुरे असेल तर पेला हलवून द्यायचा असतो हे त्याला ठाऊक आहे, इतकी वर्षं आहे इथे. पण पेला हलवला की बोलायची वेळ येणार. सहावा की सातवा पेला भरला तेव्हा मी त्याच्या हातातून काढून घेतला, हलवला आणि खाली ठेवला.

म्हातारी खुदकन हसली. नासिर नाही.

इ.ने चादर सोडली. "हम ले गया था. पूछा नहीं. गलती किया." एवढंच. बरं बोलला.

नासिर: "और दो दरवाज़ा?"

"नहीं. सिर्फ़ ये."

"मैं कैसे मानूँ?"

इब्राहिमभाई अरबीत काही बोलायला लागले. नासिरने हात वर केला. तेवढ्यात म्हातारीने झडप स्वतःकडे ओढली. उलटी केली. जोडावरून बोट फिरवलं. नखाने टोकरलं. मग मुलाला काही म्हणाली, जरा जोरात.

इब्राहिमभाई माझ्याकडे वाकून: "म्हातारी काय बोलते ऐका. जो दारं इकतो, तो लाकूड बदलीत बसत नाय."

नासिरचे खांदे खाली आले. मी पहिल्यांदा श्वास सोडला.

मग म्हातारीने इ.कडे बघून सरळ विचारलं. नासिरने हिंदी केलं: "पुराना लकड़ी किधर? नीचे का. काला वाला."

आम्हाला कळेना. नासिरने समजावलं. त्या झडपेच्या खालच्या कडेला हात लावून तिची सासू रोज पहाटे खिडकी उघडायची, आधी सासूची सासू. लग्न होऊन आल्यावर ती स्वतः. हातांनी आणि दिव्याच्या धुराने लाकूड काळं झालेलं. इ.ने नेमकी तीच पट्टी कापली होती, आणि बाकीच्यावर पॉलिश मारलं होतं.

इ.चा चेहरा पडला. मला वाटलं, संपलं. पण तो उठला, चप्पल न घालता गाडीकडे गेला, हत्यारांची पेटी उपसली. लाकूड तो कधी फेकत नाही, ह्यावरून आमची किती भांडणं झाली असतील. वर्तमानपत्रात बांधलेला तुकडा घेऊन आला. कुजका, हातभर लांब, एका अंगाने काळा गुळगुळीत.

म्हातारीने तो दोन्ही हातांत घेतला आणि नाकाशी नेला. बराच वेळ.

मी इ.ला हात धरून खाली बसवलं.

उठताना नासिर इ.ला म्हणाला, "मैं मान गया. पर घर में हम सात भाई-बहन. एक भाई सोहार में, बड़ा है, गुस्सावाला. उसको बोलना पड़ेगा. माफ़ी मेरा अकेला का नहीं." इब्राहिमभाई म्हणाले, इन्शाल्ला, होईल. नासिर म्हणाला, इन्शाल्ला. दोघांनी दोन तऱ्हेने म्हटलं.

परत येताना इ. अर्ध्या वाटेवर झोपला. तोंड उघडं. आठवडाभरात पहिल्यांदा घोरला. मी उठवलं नाही.

रवि., १६ नोव्हें.

बरी झोप लागली. उठून कपाट ओढलं, मागची भिंत पुसली. तिथे आता काही नाही ह्याचं किती बरं वाटतं. इ. सकाळपासून शीळ घालतोय. दोनदा सांगितलं, अजून सोहारचं यायचंय. म्हणाला, "येऊ दे, सेलिन. काय म्हणेल ते तोंडावर ऐकून घेईन. लपवायचं तर काही उरलं नाही." चाळीस वर्षांत ह्या माणसाने माझ्याआधी शहाणं वाक्य बोलायची ही बहुधा दुसरी वेळ.

संध्याकाळपर्यंत सोहारचा फोन नाही.

नोंद, कालची. नासिरची आई हिच्या हातात, नासिर आणि इब्राहिमभाई यांच्यासमोर दिलं:

खिडकीची कोरीव झडप, एक. खालची पट्टी नवी, सागवान, इनासने बसवलेली. पॉलिश नको होतं.

जुनी पट्टी, काळी, कुजलेली, एक. तिने ही आधी आत नेली. झडप भिंतीला टेकून तशीच उभी होती, आम्ही निघेपर्यंत.