वाळूवरून लांब जाणारा गळ

सौ. सरूबाईस रत्नागिरीहून आशीर्वाद,

मी आपल्या शिवराजकडं बरा आहे. फोनवर बोलताना पोरगा जवळच असतो, म्हणून लिहितो. शेजारच्या तनुजाकडून वाचून घे.

शिवराज सुट्टीला समुद्रात गळ टाकतो, हे तुला ठाऊक आहे. पण तो ओल्या खडकाच्या टोकावर उभा राहायचा, हे मी बोललो नव्हतो. वाळूवरून गळ लांब जात नाही, म्हणायचा. कमरेपर्यंत भिजून घरी यायचा.

आता मी त्याला क्लिपचे गळ बांधून देतो. दोरीच्या टोकाला शिसं, त्याच्यावर बारीक क्लिप. आमिष लावलेला गळ त्या क्लिपात अडकवायचा. मग फेकताना तो वाऱ्यात फडफडत नाही, लांब जातो, अन् पाण्यावर आपटला की सुटतो. पहिला मी इतका ताणून बांधला की सुटलाच नाही.

पोरगं हसलं, "आबा, बैल बांधला का काय? पाण्यात सुटला पाहिजे ना!"

मग दोरी जरा सैल घेतली. काल वाळूवरून फेकला, तो खडकाच्याही पुढं पडला. मासा काही लागला नाही. घरी आल्यावर मी त्याची पँट हात लावून पाहिली. कोरडी होती.

तुझा गुडघा कसा आहे? शेकतेस ना? गोठ्याची कडी लावत जा.

मला यायला थोडा उशीर होईल. गळ दगडात अडकून तुटतात. बांधलेले संपले तर हा परत खडकावर जायचा. गळांचा डबा भरून ठेवतो, मगच गाडीत बसतो.

काळजी करू नकोस, ती मी करतोच आहे.

सांडू