पतंगाचा खण

ती. आईस, इथूनच पाया पडतो.

जेवण वेळेवर होतं. संग्रहालयात पुसापुशी करतो, ही नोकरी तरी टिकवीन म्हणतो.

परवा कीटकांच्या पेटीत पाखराची शीट दिसली म्हणून फडकं घेतलं, तर इथल्या कीटक विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "थांब रे, तो पतंग आहे." नखाएवढा, पांढरा-करडा. रंगावरून त्याला इतकी वर्षं भलत्याच कुळात ठेवलं होतं. मॅडमनी भिंगातून पंखांच्या शिरा बघितल्या आणि त्याला त्याच्या भावंडांच्या खणात नेलं. खण भरलेला होता, मग बाकीच्यांना सरकवून जागा केली.

दादाने माझी खाट माळ्यावर टाकली, असं ताई फोनवर म्हणाली. अडचण होत असेल, खरंय. बाबा काही बोलले का?

मी आलो तर खाली झोपेन. तेवढं सरकून घ्या.

तुझा धाकटा