पांढरी फीत, काळी कड

८ डिसेंबर, सोमवार

बाबा ऑपरेशनला पुन्हा नाहीच म्हणाले! डॉक्टरांनी आज आडपडदा न ठेवता सांगितलं – डाव्या पायाची दोन बोटं काळी पडलीत, आत्ता काढली तर पाय वाचेल, थांबलात तर घोट्यापासून काढावा लागेल, आणि विष वर चढलं तर जिवावर बेतेल. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "शिपायाचं घराणं आहे आपलं. माझ्या आजोबांनी जर्मन साहेब पकडून आणला. मी पलंगावर पडून कापून घेणार नाही."

सहा तारखेला दादरला रांगेत उभं राहू नका म्हणून हात जोडले होते. ऐकतील तर ते भगवान शिरसाट कसले! साखरेच्या आजारानं आधीच बिघडलेल्या त्याच बोटांना तिथे ठेच लागली.

तरी त्या डॉक्टरांचे उपकार. त्यांनी चिडचिड केली नाही. "मन बनलं की या, मी जागा करतो," एवढंच म्हणाले.

९ डिसेंबर, मंगळवार

उल्हासनगरला कामावर गेले तर परसूसेठच्या कारखान्यात सुतक पडल्यासारखं. आमच्याकडे नाटक-सिरियलचे कपडे शिवतात. सध्या पहिल्या महायुद्धावरच्या मालिकेचं काम आहे, त्यातले जर्मन अधिकारी आमच्या गळ्यात. पदकं, बिल्ले, फिती हे खातं माझं. आणि आज सगळ्या फिती परत आल्या!

चूक आमचीच. लोखंडी क्रॉस या जर्मन पदकाची फीत काळी-पांढरी, एवढंच आम्ही वाचलं. सेठकडे पांढऱ्या साटीनचे तागे पडून होते, काळी पायपिंग तयार होती. पांढऱ्यावर काळी कड मारली, झालं. दिसायलाही ठसठशीत! वर सेठचा हुकूम – "मैत्रेयी, ऑफिसर है ना? छाती भरेली दिसली पायजे." म्हणून होतं नव्हतं ते सगळं टाचलं.

मालिकेची ड्रेस डिझायनर वैदेही स्वतः आली. मला वाटलं, आता आरडाओरडा. पण ती बाई स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली आणि तासभर शिकवत राहिली. पहिल्या दर्जाचा क्रॉस फितीशिवाय, थेट डाव्या छातीवर. दुसऱ्या दर्जाची एरवी नुसती फीत, कोटाच्या दुसऱ्या काजातून ओवलेली. गळ्यातला निळा क्रॉस फार थोड्यांच्या नशिबी, तो आम्ही सगळ्यांना घातला होता! जर्मनीतल्याच प्रशिया राज्याचा माणूस प्रशियाची पदकं आधी लावणार, बव्हेरियाचा बव्हेरियाची – त्या क्रमावरूनही माणूस कुठला ते कळतं. आणि फीत? लढणाऱ्याला काळी, पांढऱ्या कडांची. पांढरी फीत, काळ्या कडा – ती न लढणाऱ्याला.

माझा हात थांबला. ती पांढरी फीत मी जन्मापासून पाहतेय. आमच्या भिंतीवरच्या फोटोत, बाबांच्या जर्मन साहेबाच्या काजात!

१० डिसेंबर

घरी येऊन भिंग लावलं. पांढरीच आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

डोक्यात तेच. बाबांचे आजोबा भिवाजी पलटणीबरोबर फ्रान्सला गेले, जखमी उचलायच्या कामावर. त्यात त्यांनी म्हणे एक जर्मन अधिकारी पकडला, त्याच्या खिशातला त्याचाच फोटो काढून घेतला. झटापटीत तोफगोळ्यानं उजव्या पायाची बोटं गेली. पण एवढे जखमी होऊनही लढाई संपल्यावरच गावी का परतले, मधली वर्षं कुठे होते, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही. गोष्ट एवढी छान असली की कोण विचारतं!

येत्या २१ तारखेला, रविवारी, विहारात सैनिकांच्या घराण्यांचा सत्कार आहे. बाबांना ही गोष्ट माइकवर सांगायची आहे. विहाराचं काम बघणारे आनंदाकाका रोज फोन करून आठवण देतात. बाबांनी कोट इस्त्रीला दिलाय. काळी बोटं बुटात मावत नाहीत, तर मोठा बूट आणा म्हणतात.

१२ डिसेंबर, शुक्रवार

वैदेहीला मोबाइलवर फोटो दाखवला. तिने मोठा करून करून पाहिला. आधी म्हणाली, लगेच ठरवू नकोस. जुन्या फोटोत पिवळा काळपट दिसतो, निळा फिकट पडतो, रंग फसवतात. पण फितीच्या मधे लख्ख पांढरं आहे आणि क्रॉस खालीच लटकतोय, त्यामुळे शंका नको. मग तिने बोट खांद्यावर ठेवलं. खांदपट्टीवर बारीक काठी, काठीला विळखा घातलेला साप.

"हा डॉक्टर आहे गं," ती म्हणाली.

मी कारखान्याच्या जिन्यात जाऊन बसले. परसूसेठनं काही न विचारता चहा पाठवला. चुकीच्या फिती माझ्या पगारातून कापणार नाही म्हणाला. "गलती से सीखी ना? फिर?" देव भलं करो त्या माणसाचं. मी देव मानत नाही, पण त्याचा सिंधी देव झुलेलाल तरी करो.

१४ डिसेंबर, रविवार

राजेंद्र चिखलोलीहून आला. माझा धाकटा भाऊ, पण बोलतो आजोबासारखा. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "ताई, बाबांकडे ती एकच गोष्ट आहे. आई गेली, नोकरी संपली. तीसुद्धा काढून घेणार? आणि सत्काराच्या तोंडावर?"

 त्याचं खरंच आहे. पण त्याच गोष्टीच्या जोरावर ते पाय कुजवून घेतायत, हेही खरं आहे. खोलीत वास यायला लागलाय. बाबा आणि मी, दोघंही त्यावर नुसती उदबत्ती लावतो.

राजेंद्रनं जाताना त्यांचा पाय स्वतः धुतला, पट्टी बांधली. भांडखोर आहे, पण भाऊ म्हणून लाखात एक.

१५ डिसेंबर, सोमवार

सांगितलं.

जेवण झाल्यावर फोटो उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवला. फीत दाखवली, साप दाखवला, वैदेही काय म्हणाली तेही सांगितलं.  बाबा बराच वेळ भिंगातून पाहत होते. मग भडकलेच. माझ्या आजोबांना खोटं पाडतेस? बाहेरची बाई सांगणार आम्हाला, आम्ही कोण ते? मी म्हटलं, "खोटं पाडत नाही बाबा. ते तिथे कैदी असतील. आजारी असतील. या माणसानं त्यांना बरं केलं असेल. नाहीतर डॉक्टर कुणाला आपला फोटो देईल?"

त्यांनी फोटो पुन्हा भिंगाखाली धरला. मी उठून भांडी घासायला गेले. रडतच घासली.

थोड्या वेळानं आतून हाक आली. म्हणाले, लहानपणी आजोबांचे पाय मीच चेपायचो. उजव्या पायाला तीन बोटं नव्हती. पण कापलेली जागा कशी – सरळ, एका रेषेत, वर बारीक टाक्यांची खूण. "गोळ्यानं उडालेली बोटं अशी असतात काय गं? सत्तर वर्षं मला हे सुचलं नाही."

फ्रान्समधली थंडी, चिखल, भिजलेले बूट. बोटं तिथे कुजली असणार आणि याच डॉक्टरनं ती कापली असणार, हे त्यांनीच जोडलं. आजोबा त्या पायानं शेवटपर्यंत मैल मैल चालायचे, म्हणाले. लग्न त्यानंतर झालं त्यांचं.

म्हणजे त्या माणसानं कापलं नसतं तर बाबांचे वडील नाहीत, बाबा नाहीत, राजेंद्र नाही, मी नाही. त्याचं नाव फोटोमागे नाही, कुठे शोधावं तेही कळत नाही. मी इथेच लिहून ठेवते – डॉक्टरसाहेब, तुमचे फार फार आभार.

१६ डिसेंबर

 बाबांनी फोटो परत भिंतीवर लावला नाही, काच पुसून उशाशी ठेवलाय. चुकले की काय मी? त्यांचा अभिमान गेला आणि पायही जाणार, असं तर नाही ना होणार?

१७ डिसेंबर, बुधवार

बरोबर फिती तयार झाल्या – काळ्या, पांढऱ्या कडांच्या. वैदेहीनं एका फेरीत पास केल्या. घरी सांगायला गेले तर बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले. ताप आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी पोळ्या लाटत होते. बाहेर बाबा आनंदाकाकांशी फोनवर बोलत होते. "रविवारी माझी वाट बघू नका, राजेंद्र येऊन गोष्ट सांगेल. खरी सांगेल. मी आजच ऑपरेशनला भरती होतोय." तव्यावरची पोळी करपली. डॉक्टरांना त्यांनी स्वतःच फोन केला होता, मला विचारलंसुद्धा नाही!