सुदर्शनच्या चार अवांतर धावा

नांदेड,
संक्रांतीनंतरचा बुधवार

श्री. रा. रा. सिद्रामप्पा, मुक्काम देवणी, आमचे एके काळचे आणि माझ्या मते तहहयात कप्तान, यांच्या चरणी सुदर्शनचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं हल्ली एकाच वेळी जमिनीला लागत नाहीत. जेवढी लागतील तेवढी गोड मानून घ्यावीत.)

आप्पा, तुमच्या तब्येतीआधी तुमच्या बैलजोडीची तब्येत विचारायची असते, हे मला मागच्या भेटीत कळलं. तर जोडी कशी आहे? प्रदर्शनात यंदा नंबर लागला का? त्यानंतर वहिनींची शुगर, आणि जागा उरलीच तर तुमचा रक्तदाब. इकडे सगळं ठीक आहे. राजश्रीची शाळेतली नोकरी चालू आहे. घरात माझं ऐकणारी ती एकटीच, आणि तीही ऐकत नाही. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही म्हणून. इतकी वर्षं स्टंपांमागे उभं राहून अखंड बोलायची जी सवय तुम्हाला लागली (समोरचा फलंदाज वैतागून बाद व्हायचा, आपला गोलंदाजही वैतागायचा), ती नांदेडची नोकरी सोडून बैलांत रमल्यावरही गेलेली नाही. मला एका गोष्टीत तुमचा सल्ला हवा आहे. शिरूर अनंतपाळला पुढच्या रविवारी स्पर्धेची फायनल आहे आणि त्याआधी जुन्या खेळाडूंचा सामना आहे. त्यात मला खेळायला बोलावलंय. आणि त्या मैदानाचा माइक चार हंगाम झाले माझ्याच हातात आहे. दोन्ही एकदम होणार नाही. तर मी खेळू का बोलू, एवढंच सांगा. ही पाळी कशी आली ते आता सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला सल्ला द्यायला सोपं जाईल.

माझी कारकीर्द तुमच्याच डोळ्यांसमोर झाली, किंबहुना तुम्हीच ती सातव्या नंबरला पाठवून दिलीत, त्यामुळे तिचं वर्णन तुम्हाला काय करायचं. तरी आठवण करून देतो. वरचे सगळे बाद झाले की मी जायचो आणि वीस-पंचवीस धावा काढून यायचो. नव्या बॉलचे दोघं दमले की तुम्ही माझ्या हातात बॉल द्यायचात, आणि तो नवा नाही की जुना नाही अशा अवस्थेत असायचा. मी एक-दोन बळी घ्यायचो, एखादा झेल धरायचो. दुसऱ्या दिवशी पेपरात शतकवाल्याचा फोटो, पाच बळीवाल्याचं नाव, आणि खाली एक ओळ: इतरांनी मोलाची साथ दिली. आप्पा, तो इतर मी. आमच्या आईनं त्या ओळी कापून ठेवायचं ठरवलं होतं, पण कुठल्या इतरांत मी आहे हे तिला कळेना म्हणून राहिलं. विभागाच्या निवड चाचणीला गेलो तेव्हा फलंदाजांच्या रांगेतले साहेब म्हणाले, तुम्ही गोलंदाज दिसता, पलीकडे जा. पलीकडचे म्हणाले, अंगकाठी तर फलंदाजाची आहे. मी दिवसभर दोन्ही रांगांत पुढे सरकत होतो आणि संध्याकाळी दोन्ही रांगा संपल्या. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असं तुम्ही एसटीत म्हणालात आणि तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिलीत. (एक ना धड भाराभर चिंध्या असंही म्हणालात, पण भाकरी खाल्ल्यामुळे ते मी सोडून देतो.) सोयरीक जुळवताना सासऱ्यांनीही विचारलं होतं की जावईबापू बॅटिंग करतात का बॉलिंग. दोन्ही करतो म्हटल्यावर ते जरा काळजीतच पडले. लग्न झालं त्याच वर्षी मी बूट माळ्यावर टाकले.

कोच म्हणूनही तेच. इथल्या एका शाळेत मी संध्याकाळी शिकवतो. पालक जाळीला नाक लावून उभे असतात. बँकेतले माधवराव परवा म्हणाले, आमच्या मृण्मयीला तुम्ही बॉलिंगही देता, फिल्डिंगही देता, मग ती नेमकी होणार काय? मी म्हणालो, सगळं थोडं थोडं येऊ द्या. त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मला ओळखीची वाटली. सासऱ्यांची होती. पण माइकनं मात्र माझं सोनं केलं, आप्पा. नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही गावात फक्की मारून मैदान आखलं आणि कर्णे बांधले की मला बोलावणं येतं. माझा चेहरा आजही कोणी ओळखत नाही, पण एका लग्नात मी नुसतं 'वरण वाढा' म्हणालो तर अख्खी पंगत वळून बघायला लागली. वजिराबादेतला भाजीवाला माझ्या आवाजाला कोथिंबीर फुकट देतो. आवाजाला का होईना, माणूस मोठा झाल्यासारखं वाटतं.

तर आता खरा घोटाळा. शिरूर अनंतपाळची सेमीफायनल होती. दुपार कलायला लागली होती. मैदानाच्या एका अंगाला तूर, दुसऱ्या अंगाला शाळेची लांब भिंत. मी बोलायचो ते भिंतीला लागून थोड्या वेळानं परत यायचं. कोवळं ऊन, पोटात हुरडा, हातात माइक, आणि माझाच आवाज कोणी दुसरं माणूस बोलावं तसा लांबून येतोय. त्यात निलंग्याचे एक मास्तर सातव्या नंबरला आले. चालत आले ते माझ्यासारखेच, खाली बघत. टोपी माझ्यासारखीच मागे सरकवलेली. कुठल्या घटकेला मी त्यांच्यात शिरलो ते मला सांगता येणार नाही. हातात बॅट होती एवढं खरं. बॉल किंचित आखूड पडला, मी मागच्या पायावर गेलो, आणि माइकमधून शांतपणे म्हणालो, सुदर्शन, कव्हरमधून, काय सुरेख, चार. आणि आप्पा, मला बॅटीचा आवाज आला.

प्रत्यक्षात बॉल टाकलाच नव्हता. गोलंदाज तो बगलेत धरून बुटाची नाडी बांधत होता, आणि आधीच्याच बॉलचा काही हिशोब चाललाय असं त्याला वाटलं. अंपायर दगडोबांच्या डोळ्यांवर ऊन होतं. कर्ण्यातून चार ऐकलं की हात हलवायचा ही त्यांची कैक वर्षांची सवय, त्यांनी हलवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सीमेवरचा एक फिल्डर तुरीत बॉल शोधायला गेला आणि बराच वेळ आला नाही. माझ्या शेजारी गुणलेखक दयानंद बसतो, उन्हाकडे पाठ करून. तो मैदानाकडे बघतच नाही, माझं ऐकून लिहितो. इतकी वर्षं त्यात काही चुकलं नव्हतं, कारण इतकी वर्षं मी खेळलो नव्हतो. निलंगेकर दोन धावांनी जिंकले. मग हरलेल्यांपैकी कोणीतरी मोबाइलवरचं चित्रण दाखवलं. त्यात गोलंदाज नाडी बांधतोय, बॉल बगलेत दिसतोय आणि दगडोबा चौकार देतायत, असं सगळं स्वच्छ आलं होतं. मंडपात एकच गिल्ला झाला. दयानंदला पुढं घेतलं, की त्या चार धावा तू कोणाच्या नावावर लावल्यास?

"यादीत सुदर्शन नावाचा मानूसच न्हाई," दयानंद म्हणाला. "मग काय करता, अवांतरात टाकल्या."

सगळा मंडप हसला. मीही हसलो. पण आप्पा, आत कुठंतरी लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचं नाव कर्ण्यातून ऐकलं, तेही स्वतःच घेतलेलं, आणि त्या धावासुद्धा इतरांतच गेल्या. स्पर्धेचे अध्यक्ष शेषेराव शेतकरी माणूस आहेत, मोजकं बोलतात. त्यांनी सामना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खेळवायचा निवाडा दिला, तुरीतल्या फिल्डरला माणूस पाठवून परत आणवलं आणि मला बाजूला घेतलं. मला वाटलं, माइक गेला.

"सर, तुमी बोलून ऱ्हायले का खेळून ऱ्हायले, ते एकदा ठरवा," ते म्हणाले. "पोटात मॅच ऱ्हायली आसंल तर पॅड बांधा. पन माइकवर बसून खेळू नका."

आणि तिथंच त्यांनी मला जुन्या खेळाडूंच्या सामन्यात घेतलं. मी खेळायचं ठरवलं तर त्या दिवशी माइकवर उदगीरच्या शायरांना बोलावू, म्हणाले. ते शायर तुम्ही ऐकलेत का? प्रत्येक बॉलला एक शेर. फलंदाजाचं नाव ते कधीच घेत नाहीत. कोणी वाघ, कोणी वादळ, कोणी मराठवाड्याचा बुलंद दरवाजा. एकदा बसले की उठतही नाहीत, म्हणजे माझा माइक कायमचा गेला म्हणा.

त्या दिवसापासून मी अर्धवट झोपेत असल्यासारखा हिंडतोय. गोदावरीच्या पुलावर स्कूटर हळू करतो आणि पाण्यावरच्या उन्हाकडे बघत तो चौकार पुन्हा मारतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात, ते मला टाळ्यांसारखं वाटतं. भाजी निवडताना राजश्री काहीतरी विचारते, मी हाव म्हणतो, मग कळतं की नाही म्हणायचं होतं. पण भीतीही वाटते, हे तुम्हाला सरळ सांगतो. स्वप्नातल्या बॉलवर मी कधी चुकलो नाही. खऱ्या बॉलवर पहिल्याच फटक्यात दांडी उडाली तर? आज लोकांना वाटतं, एवढं जाणून बोलणारा हा माणूस काय खेळत असेल. तेवढी झाकली मूठ तरी राहू द्यावी. शिवाय माझ्या वयाची माणसं आता नातवंडांना खेळवतात. सगळा विचार करून मी ठरवलंय की खेळू नये. माइकच बरा. तुमचा सल्ला काहीही आला तरी माझं हेच पक्कं आहे, तेव्हा सल्ला देण्याची तसदी घेतली नाहीत तरी राग नाही. वहिनींना नमस्कार, बैलांच्या पाठीवर माझ्या नावानं एक थाप.

आपला नेहमीचा सातवा,
सुदर्शन

ता. क. खेळतो असं मी शेषेरावांना सोमवारीच कळवून टाकलंय. आता मागं फिरता येत नाही. शायरांना बोलावू नका असंही कळवलं. माइकवर देवणीचे सिद्रामप्पा येतायत असं मी सांगितलं, आणि त्यांनी ते बॅनरवर छापूनही टाकलं. देवणीहून शिरूर अनंतपाळ काही लांब नाही. बैलांना एक दिवस कोणीही पाणी पाजेल.

आणखी एक ता. क. आप्पा, तुम्ही बोलायचं म्हणून काही तयारी करू नका. स्टंपांमागे बोलायचात तेच बोला. फक्त मी मैदानात आलो की माझं पूर्ण नाव घ्या, वडिलांच्या नावासकट. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं घ्या. शून्यावर गेलो तरी चालेल, पण बाद करताना माझ्या नावानं बाद करा. एवढ्यासाठीच हे सगळं पत्र लिहिलं.

आप्पा भावजी, नमस्कार. मी राजश्री. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली उरलेल्या जागेत लिहिते. यांनी गुडघ्याबद्दल तुम्हाला एक अक्षर कळवलेलं नाही. डॉक्टरांनी पळायला साफ मनाई केली आहे. रोज संध्याकाळी गच्चीवर बॅट घेऊन उभे राहतात, आणि मी वाळलेले कपडे काढायला गेले की पाण्याच्या टाकीत डोकावल्यासारखं करतात. मी कपडे घेऊन खाली येते. पांढरे कपडे नवे शिवून आणलेत, जुन्यात ते मावत नाहीत. मी यांना खेळताना कधी बघितलेलं नाही, भावजी. लग्न होऊन आले आणि यांचं खेळणं थांबलं. त्या रविवारी मी रजा टाकून येणार आहे. फार वेळ टिकणार नाहीत, एवढं मलाही कळतं. म्हणून तुम्हाला विनंती आहे, हे आत आले की दोन बॉलांच्या मधे तुम्ही खूप बोला. गोलंदाज बॉल हातात धरून थांबेल इतकं बोला. तेवढा वेळ तरी ते तिथं उभे राहतील आणि मला बघता येतील.