फाळाला पाणी देताना

मामा, तुम्ही गेलात त्याला आता बारा पावसाळे झाले. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, म्हणजे तुम्ही असतात तरी हा कागद मलाच तुम्हाला वाचून दाखवावा लागला असता, आणि ते मला जमलं नसतं. मला विचारायचं एकच आहे, पण ते नीट कुठून सुरू होतं तेच उमगत नाही.

तुम्ही भिसेगावला आमच्या घरी आलात तिथून सुरू करतो. मी तेव्हा कर्जतला रेल्वे कंपनीच्या इंजिनांच्या शेडात घण मारत होतो. तुम्ही ओट्यावर बसलात, पाणी प्यायलात आणि म्हणालात, "जावईबापू, शेड सोडा नि कडावला या. माजी एकुलती पोर तुमच्या घरात हाय. दुकान तुमचंच हाय." मी म्हणालो, "मामा, तुमचा हात तर अजून चालतो." "हात चालतो," तुम्ही म्हणालात. तेव्हा मला वाटलं, सासऱ्याला आपल्या हाताचा अभिमान आहे. आता ते दोन शब्द मी पुन्हा पुन्हा आठवून बघतो. तुम्ही 'हात' या शब्दावर जोर दिला होता का, ते काही केल्या आठवत नाही.

कडावला आलो. शेडात सगळं मापावर चालायचं, तुमच्या लोहारकीत माप असं नव्हतंच. गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा, कोयते, पहारी, आणि ज्येष्ठ लागला की नुसते नांगराचे फाळ. झिजलेल्या फाळाला नवं टोक जोडायचं, ठोकून धार काढायची आणि शेवटी पाणी द्यायचं. तापलेलं टोक गुंजेसारखं लाल झालं की पाण्यात बुडवायचं. हळदीसारखं पिवळं होऊ दिलं तर लोखंड कडक होतं खरं, पण दगडाला लागलं की काचेसारखं तुटतं. हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि दर वेळी फाळ भट्टीतून काढलात की तुम्ही विचारायचात, "रंग कोनचा हाय?" मी सांगायचो, मग तुम्ही बुडवायचात. दिवसातून दहादा, वीसदा. पाच वर्षं शेडात काढलेल्या माणसाला हा प्रश्न कसा लागत असेल, मामा? समोर शेतकरी बसलेले असायचे. एकाने एकदा विचारलंही, "जावयाची परीक्षा चाललीया काय?" तुम्ही हसलात. मी हसलो नाही.

त्या दिवशी सकाळी पाचसहा जण खोळंबून बसले होते. मी आदल्या दिवशी बसवलेली धाव एका गाडीवानाने परत आणली होती, ती चाकावर सैल बसली होती. तुम्ही ती हाताने फिरवून पाहिलीत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "हितं कंपनीचं लोखंड नाय वाया घालवायला. मानसाची भाकरी हाय ह्याच्यावर." त्यानंतरचा फाळ एका कोसावरच्या वाडीतल्या शेतकऱ्याचा होता. मी भाता ओढत होतो आणि तोंड दाराकडे फिरवून बसलो होतो. बाहेर त्याचे दोन बैल उभे होते, एक पांढरा आणि एक तांबडा. तुम्ही विचारलंत, "रंग?"

मी न बघताच म्हणालो, "गुंज."

मग मान वळवली. फाळ पाण्यावर आला होता आणि टोक हळदीसारखं पिवळंधमक होतं. 'थांबा' म्हणायला एक श्वास पुरला असता. मी म्हणालो नाही. पाणी चरचरलं. तुम्ही मान तिरकी करून ऐकत होतात. फाळ बाहेर काढलात, त्यावरून अंगठा फिरवलात आणि क्षणभर तसेच उभे राहिलात. मग तो शेतकऱ्याच्या हातात दिलात. आवाजावरून तुम्हाला कळलं होतं का? कळलं असेल तर दिलात का? आणि कळलं नसेल तर उभे का राहिलात?

चौथ्या दिवशी तो शेतकरी चालत आला. फाळाचा तुटका तुकडा त्याने ऐरणीवर ठेवला. म्हणाला, "चिखलात दगडाला लागला नि तुटला. नांगर उसळला, तांबड्याच्या मागच्या पायाला लागलं. खूर फाटलाय. आता नांगरू कशानं?" ऐन लावणीच्या तोंडावर एका बैलाचा माणूस काय करणार, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळत होतं. तुम्ही तुकडा उचलून तुटलेल्या कडेवर बोट फिरवलंत. म्हणालात, "पानी माज्या हातानं दिलं. चूक माजी." माझ्याकडे तुम्ही बघितलं नाहीत. बघितलं असतंत तर मी बोललो असतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही भात्यापाशी बसलात. "ऐरण तुमची," एवढंच म्हणालात. ती शिक्षा होती की देणगी, तेही मला कळलं नाही. मी फाळांना पाणी देऊ लागलो आणि तुम्ही पुन्हा कधी रंग विचारला नाहीत. त्या पावसाळ्यात सुरुवातीचे काही दिवस तुम्ही रोज सकाळी "कोळसा बघून येतो" म्हणून निघायचात आणि रिकाम्या हाताने परत यायचात. कोळसा तर डोंगरातले कातकरी आपल्या दारात आणून टाकत होते. म्हाताऱ्याने काम टाळायला बरी युक्ती काढलीय, असं मी तुमच्या मुलीजवळ कुरकुरलोसुद्धा.

तुमच्या तेराव्यानंतर एका दुपारी ती सहज म्हणाली, "बाबांना शेवटी शेवटी रंग कळत नव्हते. लाल लुगडं कोनतं नि हिरवं कोनतं, आयेला इचारायचे. तुमाला ठाव नवतं? म्हनून तर तुमाला बोलावलं." तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "काय बोलतीस गं? जायच्या आदल्या दिसाला माज्याबरोबर ह्याच सुपातलं खडं येचलं त्यांनी. डोळं चांगलं व्हतं त्यांचं." दोघींनी एकमेकींचं ऐकलं नाही. दोघी खरं बोलत असतील असंही होऊ शकतं. जन्मभर आग बघितलेल्या माणसाची रंगांची ओळख आधी जात असेल. मला माहीत नाही. तुम्ही परीक्षा घेत असाल, तर मी नापास झालो आणि तुम्ही मला झाकलंत. आणि तुम्ही खरंच विचारत असाल, तर मी एका न दिसणाऱ्या माणसाला खोटं सांगितलं. यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, तेही धड ठरत नाही.

यंदा मी तुमच्या मुलीला सगळं सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. म्हणाली, "मला काय सांगताय. त्या मानसाला जाऊन सांगा."

मार्गशीर्षात त्या शेतकऱ्याच्या वाडीवर गेलो. तो आता फार थकलाय, खळ्यावर बसून भाताची झोडणी बघत होता. मी तुमचं नाव काढलं तर एकदम सरसावून बसला. "तुमचा सासरा पंधरा दीस रोज सकाळी यायचा. गवताचा भारा डोक्यावर. बैलाचा पाय गरम पान्यानं धुवायचा, हळद भरायचा. मी म्हनलं, बाबा, आता पुरं. तर म्हनाला, माज्या घरातनं झालंय ते." मी विचारलं, "'माझ्या हातून' म्हणाले, की 'माझ्या घरातनं'?" तो म्हणाला, "आता काय सांगू? लई दिवस झाले." मग म्हणाला, "बैल उभा ऱ्हायला पन. पुढं चार पावसाळे चालला." आणि त्याने सुनेला हाक मारून माझ्यासाठी गूळ-पाणी आणायला सांगितलं. मी ते प्यायलो.

घरी आलो तेव्हा तुमची मुलगी दारातच उभी होती. "सांगितलंत?" तिने विचारलं. मी म्हणालो, "सांगितलं." तिचा चेहरा किती वर्षांनी असा मोकळा झालेला मी पाहिला.

मामा, मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.